प्लॅन फसतो तेव्हा रोबॉट काय करतो?

(या भागात बोललो तो मजकूर, वाचायला सोपा जावा म्हणून थोडा नीट लावून.)

लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, आजचा विषय तुमच्या फीडमध्ये रोज येणारा आहे. रोबॉट.

नाचणारे रोबॉट, कोलांटी उडी मारणारे रोबॉट, कपड्यांच्या घड्या घालणारे रोबॉट. व्हिडिओ तीस सेकंदांचा असतो, आपण ‘भारी!’ म्हणतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण त्या व्हिडिओत एक गोष्ट सहसा दिसत नाही. हे कितव्या प्रयत्नात जमलं? आणि दुसरी त्याहून महत्त्वाची गोष्ट. मध्येच कोणी खुर्ची सरकवली असती, लाइट गेले असते, फरशी ओली असती, तर त्याने काय केलं असतं?

आज आपण नेमकं तेच बघणार आहोत. रोबॉट हुशार आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवू. जग ठरल्याप्रमाणे वागलं नाही तर तो भरवशाचा आहे का, हा आजचा प्रश्न.

प्लॅन म्हणजे गृहीतकांची यादी

सुरुवात फोनपासून करू. समजा गणपतीचे दिवस आहेत, तुम्ही पुण्यात पेठेतून गाडी काढताय. मॅप सांगतो, दोनशे मीटरवर डावीकडे वळा. तुम्ही वळायला जाता, तर समोर मांडव! तुम्ही सरळ पुढे जाता. दोन सेकंदांत मॅप नवा रस्ता काढून देतो. चिडत नाही, की ‘मी सांगितलं तसं का नाही केलंत?’ असंही विचारत नाही.

आता कल्पना करा, हाच रस्ता तुम्ही घरून कागदावर लिहून आणलाय. पाचशे मीटर सरळ, मग डावीकडे, मग तिसरी गल्ली उजवीकडे. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून तसंच चालवायचंय. पहिल्याच मांडवाला संपला विषय.

दोन्हीकडे रस्ता तोच होता. फरक हा, की एकीकडे कोणीतरी सतत बघत होतं, ‘आपण समजतोय तिथेच आहोत ना?’

प्रत्येक प्लॅनच्या पोटात गृहीतकं लपलेली असतात. ‘डावीकडे वळा’ याचा खरा अर्थ ‘डावीकडचा रस्ता उघडा आहे असं धरून वळा’. माणूस हे न बोलता समजून घेतो. रोबॉटला ते कोणीतरी लिहून द्यावं लागतं. आणि हे लिहून द्यायचं काम पन्नास-साठ वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं.

शेकी आणि चहा

१९६६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एका रोबॉटवर काम सुरू झालं. चाकांवर चालणारा, वर कॅमेरा बसवलेला, उंच, जरा विचित्र दिसणारा. चालताना थरथरायचा म्हणून नाव पडलं शेकी. त्याचं जग अगदी छोटं होतं. काही खोल्या, दारं आणि मोठे खोके. काम काय, तर अमुक खोका तमुक खोलीत ढकलत ने.

शेकीसाठी रिचर्ड फाइक्स आणि निल्स निल्सन यांनी ‘स्ट्रिप्स’ नावाची पद्धत तयार केली. कल्पना साधी आहे. प्रत्येक कृतीच्या दोन गोष्टी लिहायच्या. एक, ही कृती करायला आधी काय खरं असायला हवं. दोन, केल्यावर काय बदलेल. दारातून पलीकडे जायचंय? मग अट अशी, की दार उघडं हवं आणि तू दारासमोर हवास. परिणाम असा, की आता तू पलीकडच्या खोलीत आहेस. अशा कृती एकापुढे एक जोडत गेलं की प्लॅन तयार.

इथपर्यंत सगळं कागदावरचं झालं. पण शेकीची चाकं घसरायची. त्याचा अंदाज चुकायचा. खोका ढकलताना तो तिरका व्हायचा. म्हणून प्लॅन बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडीला त्यांनी प्लॅन अंमलात आणणारा वेगळा प्रोग्रॅम ठेवला. त्याचं नाव प्लॅनेक्स. मला स्वतःला ही गोष्ट स्ट्रिप्सपेक्षाही जास्त आवडते.

प्लॅनेक्सचं डोकं कसं चालायचं, ते चहावरून समजून घेऊ. चहाचा प्लॅन चार पायऱ्यांचा धरू. पाणी उकळायला ठेव. साखर आणि चहा पावडर टाक. दूध घाल. गाळून कपात ओत.

साधा प्रोग्रॅम एक, दोन, तीन, चार असा जाईल. आईने आधीच पाणी उकळून ठेवलं असेल तरी हा नव्याने पाणी ठेवणार. मध्येच कोणी गॅस बंद केला तर गार पाण्यात पावडर टाकून मोकळा होणार.

प्लॅनेक्स प्रत्येक पायरीनंतर थांबून जगाकडे बघतो आणि यादी शेवटाकडून तपासतो. ‘शेवटची पायरी आत्ता करता येईल का? म्हणजे तयार चहा पातेल्यात आहे का? नाही. बरं, त्याच्या आधीची? उकळलेला कोरा चहा आहे आणि दूधही आहे? हो! मग इथून सुरू करू.’

यातून तीन गोष्टी आपोआप होतात. नशिबाने एखादं काम आधीच झालं असेल तर तो ते वगळतो. काही बिघडलं असेल तर मागच्या पायरीवर जाऊन ते पुन्हा करतो. आणि दूधच नासलं असेल? मग एकाही पायरीची अट पूर्ण होत नाही. तेव्हा त्याला कळतं, की आता हा प्लॅनच उपयोगाचा नाही, नवा प्लॅन मागवायला हवा. कोरा चहा पिऊ, किंवा खाली जाऊन दूध घेऊन येऊ.

‘पुढची पायरी कोणती?’ असं न विचारता ‘आत्ता जग कुठे आहे आणि तिथून ध्येयापर्यंत काय उरलंय?’ असं विचारायचं. शेकीवरचं काम १९७२मध्ये थांबलं. ही कल्पना मात्र आजच्या रोबॉटमध्येही आहे.

गेममधून आलेली युक्ती

गेम खेळणाऱ्यांसाठी एक छोटी गंमत. २००४ साली ‘हेलो २’ आला. त्यातले शत्रू सैनिक कसे वागतील, हे ठरवायला ‘बिहेव्हियर ट्री’ नावाची रचना वापरली होती. बिहेव्हियर ट्री म्हणजे वागणुकीचं झाड. वरच्या फांदीवर मोठं काम, खाली छोटी कामं, आणि प्रत्येक कामाने वर कळवायचं, ‘झालं’, ‘जमलं नाही’ किंवा ‘चालू आहे’. ‘जमलं नाही’ आलं की झाड दुसरी फांदी धरतं.

आज हीच रचना रोबॉटमध्ये वापरतात. चाकांवरच्या रोबॉटना रस्ता काढून देणारं ‘नॅव्ह२’ नावाचं एक खुलं सॉफ्टवेअर आहे. त्याच्या ठरलेल्या झाडात रोबॉट अडकला तर काय करायचं, याची एक फांदीच आहे. अडथळ्यांचा जुना नकाशा पुसून पुन्हा बघ. तरी नाही? जागच्या जागी गोल फीर. तरी नाही? थोडा वेळ थांब, कदाचित समोरचा माणूस बाजूला होईल. तरी नाही? थोडं मागे ये.

ऐकायला बावळट वाटतं. पण गर्दीच्या गल्लीत समोरून टेम्पो आला की आपण तरी वेगळं काय करतो? थांबतो, बघतो, मागे घेतो. भरवशाची वागणूक बरेचदा अशीच कंटाळवाणी असते.

चाकं फिरली, गाडी नाही

आतापर्यंत मी एक गोष्ट सोपी करून सांगितली. ‘रोबॉट जगाकडे बघतो.’ पण त्याला जग दिसतं कुठे? त्याला दिसतात सेन्सरचे आकडे. आणि आकडे फसवतात.

मंगळावरची गोष्ट घ्या. नासाचा ऑपॉर्च्युनिटी रोव्हर २००४पासून तिथे होता. पृथ्वीवरून मंगळापर्यंत रेडिओ संदेश जायला अंतराप्रमाणे साधारण तीन ते बावीस मिनिटं लागतात, म्हणजे जॉयस्टिक धरून गाडी चालवणं विसराच. दिवसाचे आदेश एकदम पाठवायचे आणि रोव्हरवर सोडून द्यायचं.

२६ एप्रिल २००५ला ऑपॉर्च्युनिटी सपाट दिसणाऱ्या मैदानातून जात होता. किती अंतर गेलो, हे तो चाकांच्या फेऱ्यांवरून मोजत होता. वाटेत मऊ वाळूची एक बुटकी लाट आली. चाकं फिरत राहिली, रोव्हर रुतत गेला. त्याच्या हिशोबाने मात्र सगळं ठीक चाललं होतं! चाकं फिरताहेत म्हणजे आपण पुढे जातोय.

पावसाळ्यात चिखलात बाइक अडकलेल्या कोणालाही हे सांगायला नको. मागचं चाक गरागरा फिरतं, चिखल उडतो, गाडी तिथेच.

त्या वाळूला पुढे ‘पर्गेटरी’ असं नाव पडलं. बाहेर काढायला पाच आठवड्यांहून जास्त वेळ गेला. रोव्हर ४ जून २००५ला सुटला. त्या काळात चाकं जवळपास १९२ मीटर जाण्याइतकी फिरली आणि रोव्हर सरकला मीटरभरापेक्षाही कमी.

यावर उपाय रोव्हरकडे आधीपासून होता. कॅमेऱ्याने आजूबाजूच्या जमिनीचा फोटो काढायचा, थोडं चालायचं, पुन्हा फोटो काढायचा आणि दोन्हीतले दगड-खुणा जुळवून बघायच्या. किती हललो ते कळतं. मग आधीच का नाही वापरला? कारण त्याचा प्रोसेसर होता २० मेगाहर्ट्झचा. तुमच्या फोनचा प्रोसेसर त्याच्या शंभरपटीहून जास्त वेगाने चालतो. फोटो जुळवायला त्याला मिनिटं लागायची. प्रत्येक पावलाला तपासणी केली असती तर दिवसभरात रोव्हर फार लांब गेलाच नसता.

म्हणजे तपासणी फुकट नसते. तिला वेळ लागतो, बॅटरी लागते. पर्गेटरीनंतर इंजिनिअरांनी मधला मार्ग काढला. सतत नाही, पण ठरावीक अंतराने घसरण तपासायची. चाकांचा हिशोब आणि कॅमेऱ्याचा हिशोब यांत फार फरक आला तर जागीच थांबायचं आणि पृथ्वीला विचारायचं.

एकाच साक्षीदारावर विश्वास ठेवू नका. चाकाला विचारा, कॅमेऱ्यालाही विचारा. दोघांचं पटलं नाही तर ती स्वतःच एक बातमी आहे.

उंची: शून्याच्या खाली

एकाच साक्षीदारावर सगळं सोडलं तर काय होतं, त्याचं उदाहरणही मंगळावरचंच.

१९ ऑक्टोबर २०१६. युरोपियन स्पेस एजन्सीचं शियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. पॅराशूट उघडलं, इथपर्यंत व्यवस्थित. पॅराशूट उघडताना यान जोरात हेलकावलं. यान किती वेगाने फिरतंय हे मोजणारं उपकरण त्याच्या कमाल मर्यादेला जाऊन तिथेच अडकलं. किती वेळ? साधारण एक सेकंद.

फक्त एक सेकंद. पण कॉम्प्युटरने तो आकडा खरा धरला आणि त्यावरून आपली दिशा काढली. चुकीच्या दिशेवरून उंची काढली. उत्तर आलं, उंची शून्यापेक्षा कमी. म्हणजे यानाच्या मते ते जमिनीच्या खाली होतं!

प्रत्यक्षात ते ३.७ किलोमीटर उंचीवर होतं. पण ‘जमीन आली’ म्हटल्यावर प्लॅनप्रमाणे पॅराशूट सोडलं. ब्रेक लावणारे थ्रस्टर जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केले. उतरल्यावर सुरू करायची उपकरणंही सुरू केली. आणि यान आकाशातून खाली पडलं.

मला इथे अंगावर काटा येतो तो याचा, की यानाने प्लॅन अगदी नीट पाळला. एकही पायरी चुकवली नाही. चुकलं ते ‘मी कुठे आहे’ याचं उत्तर. आणि ‘हे उत्तर शक्य तरी आहे का?’ असं विचारणारं आत कोणी नव्हतं. पॅराशूटला लटकलेलं यान जमिनीच्या खाली असूच शकत नाही. हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण सांगायला ते पोरगं आत बसवावं लागतं.

यानातला मेकॅनिक

तसं कोणीतरी आत बसवायचा प्रयोग नासाने १९९९मध्ये केला होता. डीप स्पेस १ हे यान नवीन तंत्रज्ञान तपासायलाच सोडलं होतं. मे १९९९मध्ये त्याचा ताबा काही काळ ‘रिमोट एजंट’ नावाच्या सॉफ्टवेअरकडे दिला.

त्याचे तीन भाग होते. एक भाग प्लॅन बनवणारा. दुसरा प्लॅन चालवणारा. आणि तिसरा, ज्याला मी मेकॅनिक म्हणतो, तो यानाच्या प्रत्येक भागाचा नमुना डोक्यात ठेवून बसलेला. व्हॉल्व्ह उघडा असेल तर दाब असा दिसायला हवा, स्विच चालू असेल तर करंट असा दिसायला हवा. दिसतंय ते आणि दिसायला हवं ते जुळलं नाही, की हा विचार करणार. नेमकं काय बिघडलं असेल? वस्तूच बिघडलीय, की वस्तू ठीक आहे आणि सेन्सर खोटं बोलतोय?

शास्त्रज्ञांनी मुद्दाम खोटे बिघाड सोडून त्याची परीक्षा घेतली. कॅमेऱ्याचा स्विच अडकला असं भासवलं, तर त्याने नवीन प्लॅन केला. सेन्सर चुकीचं सांगतोय असं भासवलं, तर त्याने ओळखलं, की दोष सेन्सरचा आहे. थ्रस्टरचा व्हॉल्व्ह बंद अडकला असं दाखवलं, तर तो थ्रस्टर न वापरता दुसऱ्या पद्धतीने यान सांभाळलं.

आणि खरोखरचा बिघाडही आला. प्रयोग चालू असताना प्लॅन चालवणारा भाग गप्प झाला. कारण, प्रोग्रॅमचे दोन भाग एकमेकांची वाट बघत बसले. ‘पहले आप, पहले आप’ करत दोघंही दारातच उभे, तसं. जमिनीवरच्या चाचण्यांमध्ये हे कधी घडलं नव्हतं. दोन घटना अगदी नेमक्या क्षणी जुळून आल्या तरच ते घडणार होतं आणि अंतराळात त्या जुळल्या. पृथ्वीवरच्या टीमने ते ओळखलं, प्रयोग थांबवला आणि काही दिवसांत राहिलेली उद्दिष्टं एका छोट्या प्रयोगात पूर्ण केली.

मेकॅनिकने बाकी सगळ्यांचे बिघाड ओळखले. पण मेकॅनिकचा शेजारीच अडकला तर? म्हणून आजही मोठ्या सिस्टिममध्ये एक अगदी साधा पहारेकरी वेगळा ठेवतात. त्याला काहीही कळत नाही. तो फक्त ठरावीक वेळाने हाक मारतो, ‘जागा आहेस ना?’ उत्तर नाही आलं तर सिस्टिम बंद करून पुन्हा सुरू करतो. तुमचा फोन हँग झाल्यावर कधी कधी स्वतःहून रीस्टार्ट होतो ना, त्यामागे बरेचदा असाच पहारेकरी असतो.

विक्रम, दोनदा

आता आपल्या घरची गोष्ट. ७ सप्टेंबर २०१९ची पहाट. अनेकजण टीव्हीसमोर जागे होतो. चांद्रयान २चा विक्रम लँडर उतरत होता. शेवटच्या टप्प्यात कोणीही खालून आदेश देत नव्हतं, सगळे निर्णय विक्रम स्वतः घेत होता. आणि संपर्क तुटला.

काय झालं होतं, ते इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३मध्ये, चांद्रयान ३च्या आधी, सोप्या शब्दांत सांगितलं. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला. त्यामुळे छोट्या छोट्या चुका साठत गेल्या. त्या दुरुस्त करायला यानाला पटकन वळायचं होतं, पण किती वेगाने वळायचं यावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातली होती. आणि उतरायची जागा होती फक्त ५०० बाय ५०० मीटर. यान तिथे पोचायची धडपड करत राहिलं.

या कारणांकडे नीट बघा. इंजिन बंद पडलं नव्हतं. उलट जास्त चांगलं चाललं! वळायची मर्यादा सुरक्षिततेसाठीच होती. छोटी जागा सुरक्षित म्हणूनच निवडली होती. प्रत्येक गोष्ट एकेकटी शहाणपणाची. पण चूक साठल्यावर तिला सामावून घ्यायला कुठेच जागा उरली नाही.

चांद्रयान ३साठी काय बदललं? सोमनाथ यांनी सांगितलं, की मागच्या वेळी काय यशस्वी होईल हे धरून डिझाइन होतं, या वेळी काय काय फसेल हे धरून आहे. उतरायची जागा मोठी केली, साधारण चार किलोमीटर बाय अडीच किलोमीटर. इंधन वाढवलं. पाय मजबूत केले, सेकंदाला तीन मीटर वेगाने आदळलं तरी टिकतील इतके. सोलर पॅनल वाढवले, म्हणजे तिरकं उतरलं तरी वीज मिळेल. वेग मोजायला लेझरवर चालणारं नवं उपकरण बसवलं, म्हणजे साक्षीदार वाढवला. आणि एक गोष्ट कमी केली. पाचवं, मधलं इंजिन काढून टाकलं.

२३ ऑगस्ट २०२३, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटं. विक्रम साधारण दीडशे मीटर उंचीवर क्षणभर थांबला, खालची जागा धोक्याची नाही ना बघितलं आणि उतरला.

आपण सगळ्यांनी तेव्हा फटाके वाजवले. पण त्या यशात नवं धाडस कमी आणि ढिलाई जास्त होती. ढिलाई चांगल्या अर्थाने म्हणतोय. शाळेत जाणाऱ्या पोराची पँट आई दोन इंच खाली दुमडून शिवून घेते, पोरगं वाढणार हे धरून. तसं.

आणि चार दिवसांनी आणखी एक छोटी घटना. २७ ऑगस्टला प्रज्ञान रोव्हरला समोर चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला, तीन मीटर अंतरावर. त्याला मागे फिरायला सांगितलं, तो नव्या वाटेने निघाला. बातमी दोन ओळींची होती. माझ्या मते ती त्या मोहिमेतल्या सुंदर बातम्यांपैकी एक. खड्डा दिसला, मागे आलो. एवढंच. भरवसा असा दिसतो.

‘बाजूला घे’ हाही एक प्लॅन

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, ‘मग सोपं आहे की! काही गडबड वाटली तर थांबायचं, बाजूला व्हायचं. झालं.’

याचं उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रस्त्यावर मिळतं. २ ऑक्टोबर २०२३ची रात्र. माणूस चालवत असलेल्या एका कारने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली. ती शेजारच्या लेनमध्ये फेकली गेली, क्रूझ कंपनीच्या विनाचालक कारच्या समोर. त्या कारने ब्रेक लावला, तरी तिला धडक बसलीच. कार थांबली.

इथपर्यंत कोणीही माणूस असता तरी कदाचित हेच झालं असतं. पुढचं मात्र वेगळं आहे. कारच्या सिस्टिमने या धडकेचा अर्थ ‘बाजूने काहीतरी लागलं’ असा लावला. अशा वेळी ठरलेला सुरक्षित प्लॅन काय? रस्त्यात उभं राहू नका, कडेला घ्या. म्हणून कार पुन्हा निघाली. ती महिला गाडीखाली होती. सुमारे वीस फूट ती फरफटत गेली, मग कार थांबली. तिला गंभीर दुखापत झाली, जीव वाचला.

कॅलिफोर्नियाने त्याच महिन्यात क्रूझचा विनाचालक गाड्यांचा परवाना थांबवला. डिसेंबर २०२४मध्ये तिची मालक कंपनी जनरल मोटर्सने या रोबोटॅक्सीसाठी पैसे देणंच बंद केलं.

ही गोष्ट सनसनाटी म्हणून सांगत नाहीये. ती सांगायलाच हवी, कारण यात शियापरेलीचीच चूक आहे, फक्त या वेळी जागा मंगळ नाही, रस्ता आहे आणि खाली माणूस आहे. ‘कडेला घ्या’ हा प्लॅन चांगलाच आहे. पण त्याच्याही पोटात गृहीतक आहे, की गाडीखाली कोणी नाही. संकटातून सुटायच्या प्लॅनची अटसुद्धा तपासावी लागते. आणि तिथे सगळ्यात जास्त तपासावी लागते, कारण संकट आलंय याचाच अर्थ जगाबद्दलची आपली समजूत नुकतीच चुकलेली आहे.

चालक माणूस असता तर? तो कदाचित उतरून खाली वाकून बघता. ‘आवाज कसला झाला?’ हा प्रश्न आपल्याला शिकवावा लागत नाही. यंत्राला शिकवावा लागतो.

पुढचा व्हिडिओ बघाल तेव्हा

तर मंडळी, रोबॉट आता व्हिडिओपुरते राहिलेले नाहीत. गोदामांत आहेत, हॉस्पिटलांत आहेत, शेतावर फवारणी करणाऱ्या ड्रोनच्या रूपात आहेत. तुमच्यातले काहीजण ते बनवणार आहात, बरेचजण त्यांच्या शेजारी उभं राहून काम करणार आहात. तेव्हा पुढचा झकास व्हिडिओ आला की ‘भारी’ जरूर म्हणा. आणि मग चार प्रश्न विचारा.

एक, काम झालं हे त्याला कशावरून कळतं? नुसती चाकं फिरली म्हणून, की खरंच पुढे गेला म्हणून?

दोन, त्याचे साक्षीदार किती? आणि त्यांच्यात भांडण झालं तर तो कोणाचं ऐकतो?

तीन, चूक साठली तर ती मावायला जागा आहे का? जागा, इंधन, वेळ, यांत दोन इंच दुमडून ठेवलेत का?

आणि चार, काहीच कळेनासं झालं तर तो काय करतो? आणि ते करण्याआधी खाली वाकून बघतो का?

कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून लाइन फॉलोअर बनवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. डेमोच्या आदल्या दिवशी मित्राला बोलवा आणि सांगा, ‘माझा रोबॉट चालू असताना तू वाटेल तो त्रास दे.’ पट्टी झाक, लाइट घालव, रोबॉट उचलून दुसरीकडे ठेव. त्या अर्ध्या तासात जे शिकाल, ते दहा यशस्वी फेऱ्यांत शिकणार नाही.

हा भाग कसा वाटला, नक्की कळवा. तुमच्या कामाच्या ठिकाणी एखादं मशिन किंवा रोबॉट असेल आणि त्याने कधी अनपेक्षित शहाणपणा किंवा वेडेपणा केला असेल, तर तेही लिहून पाठवा. एखाद्या भागात वाचून दाखवीन. आणि हो, ज्या मित्राला प्रत्येक रोबॉटचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड करायची सवय आहे, त्याला हा भाग आठवणीने फॉरवर्ड करा.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि रस्ता ओलांडताना कानातला हेडफोन काढा!